नभोवाणीचा पोशिंदा कोण?

सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरांतून हल्लीं एक मत फार सहजपणें ऐकूं येतें. आकाशवाणी आणि दूरदर्शन हा करदात्यानें विनाकारण पोसलेला पांढरा हत्ती आहे. खासगी वाहिन्या गाणीं ऐकवितात, बातम्या सांगतात, क्रिकेट दाखवितात, आणि हें सारें फुकट देतात. मग सरकारी तिजोरींतून आणखी एका संस्थेचा संसार चालविण्याचें प्रयोजन काय? तिनें एक तर आपला खर्च आपण मिळवावा, नाहीं तर दुकान बंद करावें. हें मत बोलून दाखविणारे लोक उथळ असतात असें नाहीं. महाविद्यालयांतील सहव्यवसायी मंडळींत तें आम्हीं अनेकदां ऐकलें आहे, आणि ऐकविणारे गृहस्थ हिशेबी, विचारी व आपापल्या विषयांत चांगले जाणकार असतात. म्हणूनच त्याचा परामर्श सविस्तर घेणें अवश्य वाटतें.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों. या मतांत एक अर्धसत्य व तीन भ्रम आहेत. आकाशवाणीची आजची स्थिति समाधानकारक नाहीं हें खरें. परंतु ती तशी कां झाली याचें कारण सांगितलें जात नाहीं, म्हणून तें अर्धेंच सत्य. खासगी वाहिन्या फुकट मिळतात हा पहिला भ्रम. जाहिरातीच्या मिळकतीवर सार्वजनिक नभोवाणी चालूं शकेल हा दुसरा. आणि ती आतां कोणी ऐकतच नाहीं, सबब तिची गरज उरली नाहीं, हा तिसरा. खरा प्रश्न तिचा पोशिंदा कोण असावा हा आहे. त्याचें आमचें उत्तर असें कीं, तो जाहिरातदारही नसावा आणि त्या त्या वेळचें मंत्रिमंडळही नसावें.

प्रथम 'फुकट' या शब्दाचा विचार करूं. येथें नभोवाणी या शब्दांत रेडिओ आणि दूरदर्शन दोन्ही धरलीं आहेत. मात्र दाखले बहुतेक रेडिओचेच घेतले आहेत, कारण खेड्यापाड्यांचा संबंध त्याच्याशीं अधिक जुना आहे. खासगी वाहिनीचा खर्च जाहिरातदार देतो, आणि जाहिरातदार तो आपल्या मालाच्या किंमतींतून वसूल करतो. साबणाची वडी, चहाची पुडी, दंतमंजन, मोटारसायकल या प्रत्येकाच्या किंमतींत त्या वाहिनीची वर्गणी मिसळलेली असते. ज्या घरांत ती वाहिनी कधींच लागत नाहीं, त्या घरासही ही वर्गणी चुकत नाहीं. करांतून दिलेल्या पैशाविषयीं निदान लोकसभेंत प्रश्न विचारतां येतो. साबणाच्या वडींतून दिलेल्या पैशाचा हिशेब कोणास विचारावा? सारांश, पैसे दोन्हीकडे आपणच देतों. एकीकडे देणारास विचारण्याचा अधिकार असतो, दुसरीकडे तो नसतो, एवढाच फरक.

शिवाय या व्यवहाराचें स्वरूपही नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. व्यापारी वाहिनीचें गिऱ्हाईक श्रोता नव्हे. गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि श्रोता हा त्यास विकावयाचा माल. यांत व्यापाऱ्याचा दोष कांहींच नाहीं. कापडाच्या दुकानदारानें धान्य ठेवलें नाहीं म्हणून त्यास कोणी बोल लावीत नाहीं. परंतु ज्या श्रोत्याच्या खिशांत पैसा थोडा, त्याच्यासाठीं स्वतंत्र कार्यक्रम करणें या व्यापारांत बसत नाहीं, एवढें तरी मान्य केलें पाहिजे.

एका गांवाची कसोटी लावून पाहूं. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत बीबी हें गांव आहे. मेहकरहून सिंदखेडराजास जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. एका बाजूस जिजाऊंचें जन्मस्थान, दुसऱ्या बाजूस लोणारचें जगप्रसिद्ध सरोवर. त्यामुळें भोंवतालच्या प्रदेशाचें नांव शाळेच्या पुस्तकांत आहे, परंतु जाहिरातदाराच्या नकाशावर त्याला फारशी जागा नाहीं. शेती बहुतांशीं कोरडवाहू. सोयाबीन, कपाशी, तूर हीं मुख्य पिकें. अशा गांवास नभोवाणीकडून काय पाहिजे? साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरणीची घाई करूं नये, असें कृषितज्ज्ञ सांगत असतात. तेव्हां यंदा आपल्या मंडळांत तेवढा पाऊस झाला कीं नाहीं, हें त्यास जूनच्या अखेरीस कळलें पाहिजे. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला तर काय करावें, गुलाबी बोंडअळीचा पतंग दिसूं लागला तर काय करावें, बाजारांत तुरीचा भाव काय निघाला, लसीकरण कोणत्या दिवशीं आहे, जिल्हा परिषदेनें आपल्या शाळेविषयीं काय ठरविलें, या गोष्टी त्यास हव्या आहेत. आणि त्याच्या तोंडची वऱ्हाडी बोली केवळ विनोदी पात्राच्या तोंडीं न घालतां ती शहाण्यासुरत्या माणसाची भाषा म्हणूनही कधीं तरी आकाशांतून त्याच्या कानीं पडली पाहिजे. यांपैकीं कोणती गोष्ट विकून व्यापारी वाहिनीस फायदा होईल?

ही केवळ कल्पना नव्हे. खासगी एफ्. एम्. रेडिओचे लिलाव आपल्याकडे १९९९-२००० पासून झाले आणि २००१ सालीं बंगलोर येथें पहिलें खासगी केंद्र सुरू झालें. पुढें हीं केंद्रें अकोला-जळगांवांसारख्या शहरांपर्यंत आलीं. २०२४ च्या ऑगस्टमध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. या सर्व योजनेचें एकक 'शहर' हें आहे, ही गोष्ट लक्षांत घ्यावी. ज्या शहराची खरेदीची शक्ति मोठी त्याच्या ध्वनिलहरींना बोली मोठी. खेड्यास मिळालेंच तर जवळच्या शहराच्या ताटांतून सांडलेलें मिळतें. त्यांत आणखी एक विशेष असा कीं, खासगी रेडिओ केंद्रांस स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी आजही नाहीं. आकाशवाणीचीं बातमीपत्रें जशींच्या तशीं ऐकविण्याची मुभा मात्र आहे. हा निर्बंध आम्हांस योग्य वाटत नाहीं. परंतु जे लोक 'खासगी रेडिओ आहे, मग आकाशवाणी कशाला?' असें विचारतात, त्यांनीं एवढें पाहावें कीं, आकाशवाणी बंद झाली तर रेडिओवरची बातमीच बंद होईल.

आतां इतिहासाचा दाखला घेऊं. हिंदुस्थानांत ध्वनिक्षेपणाचा व्यवस्थित धंदा प्रथम सरकारनें काढला नाहीं. तो व्यापाऱ्यांनींच काढला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें २३ जुलै १९२७ रोजीं झालें, आणि पुढच्याच महिन्यांत कलकत्त्याचें केंद्र सुरू झालें. श्रोत्यानें वर्षास १० रुपये परवाना-शुल्क द्यावें आणि त्यांतला मोठा हिस्सा कंपनीस मिळावा, अशी व्यवस्था होती. १९२९ अखेर साऱ्या देशांत परवाने आठ हजारांच्याही आंत होते. १९३० सालीं कंपनी मोडली, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलपासून सरकारनें तो कारभार आपल्या हातीं घेतला. दोन मोठ्या शहरांबाहेर जाण्याचें सामर्थ्य कंपनीस नव्हतें, आणि दोन शहरांच्या वर्गणीवर खंडप्राय देशाची नभोवाणी चालत नव्हती. १९३६ सालीं या सरकारी सेवेस ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां तिचीं अवघीं सहा केंद्रें आपल्या वांट्यास आलीं. त्यांत मराठी मुलुखांतलें एक मुंबईच. त्यानंतर नागपूरचें केंद्र १९४८ च्या जुलैंत आणि पुण्याचें १९५३ च्या ऑक्टोबरांत निघालें. आपल्याकडे रेडिओवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून. म्हणजे स्वराज्याच्या पहिल्या वीस वर्षांत नभोवाणीचा जो विस्तार झाला, तो जाहिरातीच्या एका पैशावांचून झाला.

आणि त्या काळांत काय निपजलें? एकट्या पुणें केंद्राचींच दोन उदाहरणें पाहावीं. केंद्राचें वय दोन वर्षांचेंही नव्हतें, तोंच १९५५ च्या रामनवमीस तेथून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचें गीतरामायण सुरू झालें. वर्षभर, आठवड्यास एक याप्रमाणें, छप्पन्न गीतें. आज त्याच्या लोकप्रियतेवर कोणीही व्यापारी पैसा लावील. परंतु त्या वेळीं, एका कवीनें नि एका संगीतकारानें वर्षभर प्रत्येक आठवड्यास नवें गीत द्यावें, एवढा विश्वास त्यांच्यावर टाकावयास जाहिरातदार लागला नाहीं, सार्वजनिक पैशावर चालणारें केंद्र लागलें.

दुसरें उदाहरण इतकें प्रसिद्ध नाहीं, परंतु प्रस्तुत विषयांत त्याचें महत्त्व अधिक आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत त्याच पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा एक प्रयोग केला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील १५० खेडीं निवडलीं. प्रत्येक खेड्यांत पंधरा-वीस जणांचें एक मंडळ. आठवड्यांतून दोनदां, एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, आणि शंका केंद्राकडे उलट पाठवावयाच्या. या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें पॉल न्यूरॅथ यांच्या देखरेखीखालीं केली. मंडळें असलेल्या खेड्यांत लोकांच्या माहितींत लक्षणीय भर पडली. जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तेथें ती फार थोडी पडली, असें तींत आढळलें. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यांत आली. बुलढाणा जिल्हा त्या प्रयोगाच्या वेळीं मुंबई राज्यांत आलाही नव्हता. तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आला. परंतु प्रयोगाचा धडा सर्वांसाठीं एकच आहे. खेड्यास नभोवाणीचा उपयोग होतो तो ती खेड्याशीं बोलली आणि खेड्याचें बोलणें तिनें ऐकलें तर. आणि असें दुहेरी बोलणें करावयास माणसें लागतात, वेळ लागतो, पैसा लागतो, आणि त्यांतून नफा निघत नाहीं.

याच पुणें केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय २०२३ च्या जूनमध्यें झाला. पुण्यांत ओरड उठली आणि तो स्थगित झाला. ठीक झालें. पण पुण्यास वृत्तपत्रें आहेत, पुढारी आहेत, पत्र लिहिणारे निवृत्त गृहस्थ आहेत. ज्या ठिकाणीं ओरडावयास कोणी नसतें, तेथील सेवा कमी झाली तर तिची बातमी तरी कोण देणार?

येथें प्रतिपक्षाचें अर्धसत्य पुढें येतें. 'आकाशवाणी ही सत्ताधाऱ्यांची भाट आहे. तिला पैसा कशाला द्यावयाचा?' या आक्षेपांतील तथ्य आम्ही नाकारीत नाहीं. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत ती सरकारची दासी झाली होती, हें त्या काळीं जाणते असलेले लोक विसरलेले नाहींत. परंतु त्यापूर्वींच, १९६६ सालीं, चंदा समितीनें तिला स्वायत्त महामंडळाचें रूप द्यावें अशी शिफारस केली होती. आणीबाणीनंतर वर्गीज समितीनें १९७८ सालीं तेंच अधिक जोरानें सांगितलें. प्रसारभारतीचा कायदा १९९० सालीं झाला, आणि तो अंमलांत येण्यास १९९७ साल उजाडलें. म्हणजे पहिल्या शिफारशीपासून एकतीस वर्षें. या काळांत निरनिराळ्या पक्षांचीं सरकारें आलीं नि गेलीं. विरोधी बांकांवर असतां प्रत्येकास नभोवाणीची स्वायत्तता प्रिय असते. सत्तेवर आल्यावर ती कोणास आठवत नाहीं. यांत एका पक्षास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

तो कायदा तरी काय म्हणतो? त्याचें १२ वें कलम फार चांगलें आहे. लोकांस माहिती द्यावी, शिक्षण द्यावें, त्यांचें मनोरंजन करावें. शेती, ग्रामविकास, आरोग्य, शिक्षण यांकडे विशेष लक्ष पुरवावें. देशांतील विविध भाषा व संस्कृति यांस स्थान द्यावें. बीबीच्या शेतकऱ्यास जें जें पाहिजे तें तें बहुतेक या कलमांत आहे. परंतु पैशाचें कलम १७ वें. त्यांत दोन प्रकारच्या रकमा सांगितल्या आहेत: एक, परवाना-शुल्काचें उत्पन्न, तें असल्यास, दुसरी, सरकारास अवश्य वाटतील तितक्या इतर रकमा. आतां श्रोत्यांकडून घ्यावयाचें परवाना-शुल्क गेल्या शतकाच्या नवव्या दशकांतच, म्हणजे हा कायदा होण्यापूर्वींच, रद्द झालेलें होतें. तेव्हां पहिला झरा आटलेला. उरला तो दुसरा, आणि त्याची तोटी सरकारच्या हातीं. कर्तव्यें कायद्यानें ठरविलेलीं, आणि तीं पार पाडण्याचें साधन मात्र सरकारच्या मर्जीवर! या संस्थेवर देखरेख करण्यासाठीं संसदेची समिति व प्रसारण परिषद यांचीही तरतूद त्याच कायद्याच्या १३ व्या व १४ व्या कलमांत आहे; तीही कागदावरच राहिली. 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. मग टाळी वाजविणाऱ्यास दोष देत बसण्याऐवजीं पोळी कोण वाढतो हें कां पाहूं नये? विहिरीचें पाणी गढूळ झालें तर ती उपसावयाची असते, बुजवावयाची नसते.

दुसरा भ्रम असा कीं, आकाशवाणीनें जाहिराती घेऊन आपलें पोट आपण भरावें. हा मार्ग तिनें चोखाळला नाहीं असें नाहीं. १९५२ च्या सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं चित्रपटगीतांस आकाशवाणीचें दार बंद केलें, आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. लोकांना शिक्षकाच्या छडीनें सुसंस्कृत करतां येत नाहीं, हा धडा तेव्हां मिळाला. परंतु त्याचें उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं जी विविधभारती निघाली, ती पहिलीं दहा वर्षें जाहिरातींवांचूनच चालली व लोकप्रिय झाली. लोकप्रियता आणि जाहिरात यांचा अविभाज्य संबंध आहे, हा समज आपल्याच अनुभवानें खोटा ठरतो. जाहिराती नंतर आल्या, आणि त्यांचा आरंभ मुंबई, पुणें व नागपूर येथूनच झाला.

जाहिरातीचा पैसा घेतला कीं काय होतें, तें एका उदाहरणानें सांगतों. २०१७ च्या खरिपांत विदर्भांत, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यांत, कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा वेळीं नभोवाणीनें काय सांगावयाचें? औषधें मनास येतील तशीं एकत्र मिसळूं नका. वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारूं नका. तोंड व हात झांकल्यावांचून पंप उचलूं नका. आणि या अवस्थेंत फवारणीची गरजच नसेल तर ती करूंच नका. आतां हाच कार्यक्रम कीटकनाशकाच्या जाहिरातीवर चालत असेल तर शेवटचें वाक्य किती जोरानें म्हटलें जाईल? कोणी लाच खाण्याची जरूर नाहीं, कोणी वाईट असण्याचीही जरूर नाहीं. पुढच्या महिन्याची मिळकत ज्याच्यावर अवलंबून आहे त्याचें मन राखण्याची संवय आपोआप लागते. वृत्तपत्रांत तसें होतें, मासिकांतही होतें; नभोवाणींत होणार नाहीं असें मानण्यास आधार काय?

दूरदर्शनाच्या मोफत डिशवरही हेंच दिसतें. २००४ सालीं सुरू झालेली ही योजना मूळची फार चांगली. मासिक वर्गणी न परवडणाऱ्या घरांत तिनें चित्रवाणी पोंचविली. परंतु त्या डिशवरील जागा खासगी वाहिन्यांस लिलावानें देणें, हें प्रसारभारतीच्या उत्पन्नाचें एक मोठें साधन होऊन बसलें आहे. सार्वजनिक संस्थेनें आपल्या ओट्यावर इतरांचीं दुकानें थाटूं द्यावीं आणि भाड्यावर जगावें, यांत कायदेशीर कांहीं वावगें नाहीं. मात्र कालांतरानें भाडेकरूच घराचा धनी वाटूं लागतो.

तिसरा भ्रम 'कोणी ऐकत नाहीं' हा. आकाशवाणी स्वतः सांगते कीं, तिच्या ध्वनिलहरी देशाच्या सुमारें ९२ टक्के भूभागावर व ९९ टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत पोंचतात, आणि २३ भाषांत व १७९ बोलींत ती बोलते. पोंचणें म्हणजे ऐकलें जाणें नव्हे, हें आम्ही जाणतों. अनेक कार्यक्रम निर्जीव असतात, तींच तीं भाषणें पुनःपुन्हां लागतात, हेंही खरें. परंतु हें कशानें झालें? तिला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा फार मोठा भाग वेतनांत जातो. नव्या कार्यक्रमांसाठीं उरतें तें थोडें. नव्या माणसांच्या नेमणुका वर्षानुवर्षें रखडतात. १९८८ सालीं नागपूरच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून सुरू झालेली राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या आरंभीं काटकसरीच्या नांवाखालीं बंद करण्यांत आली, आणि तिच्याबरोबर पांच प्रादेशिक प्रशिक्षणसंस्थाही. प्रथम अन्न तोडावयाचें, मग रोगी अशक्त झाला म्हणावयाचें, आणि शेवटीं अशक्तावर खर्च कशाला असें विचारावयाचें, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

'आतां प्रत्येकाच्या हातांत मोबाइल आहे' असेंही सांगतात. मोबाइल हें साधन आहे. त्यांत घालावयाचा मजकूर कोणी तरी तयार करावा लागतो. लोणार तालुक्याच्या पावसाची, शाळेची, बाजाराची खरी बातमी मिळवून, तपासून, शुद्ध मराठींत वा वऱ्हाडींत ती सांगणारा माणूस पगारावर ठेवला नसेल, तर मोबाइलवर येतें तें काय? कोणीही कोणासही पुढें ढकललेला, नांवगांव नसलेला निरोप. साधनें वाढलीं म्हणजे जबाबदार बोलणाऱ्याची गरज कमी होत नाहीं, ती वाढते. ती बातमी रेडिओवर द्यावी कीं मोबाइलवर, हा केवळ पोंचविण्याचा प्रश्न आहे.

मग उपाय काय? परदेशांत तीन मार्ग दिसतात. इंग्लंडांत १९२७ पासून बी. बी. सी. ही सनदशीर संस्था श्रोत्यांच्या परवाना-शुल्कावर चालते. १९५५ सालीं तेथें जाहिरातींवर चालणारी चित्रवाणी निघाली, तथापि बी. बी. सी. च्या देशांतील सेवेंत जाहिरात शिरली नाहीं. दोन्ही शेजारी शेजारी नांदल्या, आणि परस्परांच्या धाकानें दोन्ही सुधारल्या. जर्मनींत प्रत्येक घरामागें महिन्यास ठराविक वर्गणी असते आणि तिचा आंकडा एक स्वतंत्र आयोग सुचवितो; एका प्रांतानें २०२० सालीं वाढ अडविली असतां पुढील वर्षीं तेथील घटनान्यायालयानें ती लागू केली. उलट अमेरिकेंत सार्वजनिक प्रसारणाचें महामंडळ १९६७ च्या कायद्यानें निर्माण झालें, पण त्याची भिस्त तेथील विधिमंडळाच्या मंजुरीवर राहिली. २०२५ च्या जुलैंत त्या विधिमंडळानें मंजूर झालेले सुमारें १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि पुढच्याच महिन्यांत महामंडळानें आपला कारभार आवरण्याचें जाहीर केलें. अठ्ठावन्न वर्षांची संस्था एका मतदानानें मोडली. झळ बसते ती न्यूयॉर्कसारख्या शहरांतील धनिक केंद्रांस कमी. ज्यांची भिस्त त्या अनुदानावर अधिक होती त्या ग्रामीण केंद्रांस अधिक. आपली व्यवस्था या तिसऱ्या मार्गाची आहे, हें विसरूं नये.

परवाना-शुल्क पुन्हां लावावें असें आम्ही म्हणत नाहीं. गरिबास व श्रीमंतास तें सारखेंच पडतें आणि वसुलीचा खर्चही मोठा. आमची सूचना निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ च्या फेब्रुवारींत, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यांत, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असें स्पष्ट सांगितलें. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत हे होते. ही मालमत्ता वापरण्याबद्दल खासगी केंद्रें लिलावाची रक्कम देतात, शिवाय ढोबळ उत्पन्नावर वार्षिक शुल्क देतात. २०२४ च्या निर्णयांत नव्या शहरांसाठीं तें ४ टक्के ठरलें आहे. हा पैसा सरकारच्या सामान्य तिजोरींत जाऊन नाहींसा होतो. तो एका स्वतंत्र निधींत जमा व्हावा, आणि तो निधि कायद्यानें सार्वजनिक नभोवाणीचाच असावा. व्यापारी वाहिन्यांवर हा अन्याय होत नाहीं. त्या देतात तेंच देतील. महत्त्वाच्या क्रीडासामन्यांचें प्रक्षेपण प्रसारभारतीस वांटून द्यावें आणि जाहिरातीचें उत्पन्न ७५ व २५ या प्रमाणांत विभागावें, असा कायदा २००७ पासून आहेच; म्हणजे हें तत्त्व आपल्यास नवीन नाहीं.

एवढ्यानें सर्व खर्च भागणार नाहीं. उरलेली रक्कम संसदेनें पांच वर्षांसाठीं एकदम, दरडोई हिशेबानें, कायद्यानें ठरवून द्यावी, म्हणजे कोणत्याही मंत्र्यास ती एखाद्या बातमीवर रुष्ट होऊन रोखतां येणार नाहीं. कायद्यांतील संसदीय समिति व प्रसारण परिषद स्थापन कराव्या. बातम्या, शेती, आरोग्य व मुलांचे कार्यक्रम यांतून जाहिरात काढून टाकावी. आणि निधीचा निश्चित वांटा जिल्ह्याच्या पातळीवरील केंद्रांवर व बातमीदारांवर खर्च झालाच पाहिजे, अशी अट असावी; नाहीं तर सारा पैसा दिल्लींतच मुरेल. स्वायत्तता मागणाऱ्यानें हिशेबही दिला पाहिजे; कोणत्या केंद्रानें वर्षांत किती नवे कार्यक्रम स्थानिक बोलींत केले, हें दरसाल प्रसिद्ध व्हावें.

खर्चाची भीति घालणाऱ्यांस शेवटीं एक साधा हिशेब सांगतों. अलीकडील वर्षांत प्रसारभारतीस केंद्राकडून मिळणारें वार्षिक अनुदान स्थूल मानानें अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास असतें. एकशें चाळीस कोटींच्या देशांत तें दरडोई वर्षास अठरा-वीस रुपये पडतें. दोन कप चहाची ही किंमत. ती दुप्पट झाली तरी कोणाचें घर बुडणार नाहीं; साबणाच्या वडींतून आपण याहून पुष्कळ अधिक भरीत असूं.

वस्तुतः या प्रश्नांत आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांचा स्वार्थ थोडा आहे, हीच अडचण आहे. आपणांस वृत्तपत्र घेतां येतें, वर्गणीच्या वाहिन्या घेतां येतात, मुलांस पुस्तकें आणतां येतात. आकाशवाणी बंद पडली तर आपल्या दिवाणखान्यांत कांहीं उणें पडणार नाहीं. परंतु शाळा, दवाखाने, ग्रंथालयें यांविषयींही आपण असाच विचार केला आणि आपलीं मुलें दुसरीकडे नेलीं. मागें राहिलेल्या संस्थांची काय दशा झाली, ती आपल्या डोळ्यांपुढें आहे. ज्यांना आवाज आहे त्यांनीं सार्वजनिक संस्था सोडली कीं ती प्रथम केविलवाणी होते आणि मग निरुपयोगी ठरते. तेव्हां आकाशवाणी विकावी असें म्हणणाऱ्यांनीं आधीं बीबीसारख्या एका गांवाचें नांव घेऊन सांगावें कीं, उद्यां तेथील पेरणीची, रोगाची नि शाळेची बातमी कोणता व्यापारी कोणत्या फायद्यासाठीं देणार आहे. याचें उत्तर त्यांजपाशीं असेल तर तें त्यांनीं छापून प्रसिद्ध करावें. नसेल, तर पोशिंदा बदलण्याच्या कामीं त्यांनीं आम्हांस साह्य करावें.